चार पाऊण तीन

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या ४८व्या वर्षी, आणि तो जागेवर नव्हता!

थांबा, आधीपासून सांगतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की अख्खी मुंबई आमच्या नागपुरात उतरते. हॉटेलं फुल, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, जिकडे तिकडे लाल दिव्याच्या आठवणी काढणारी माणसं. यंदा म्हटलं, मुंबई इकडे येऊन राहिली आहे, तर आपणच तिकडे जाऊन येऊ. तिथे तेवढीच जागा रिकामी असेल. (नव्हती.)

समुद्राशी माझा संबंध तोवर एवढाच, की रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नागपूरची ३०० मीटरच्या वर. लहानपणी मला वाटायचं, ही उंची कोणी येऊन मोजली असेल, आणि सपाट समुद्र तो कसा असेल!

विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला आली तेव्हा अंधारच होता. मी बॅग खाली काढली. समोरचे काका म्हणाले, बसा हो, तासभर आहे अजून. तासभर? आणि खरंच, खिडकीबाहेर इमारती संपेचनात! कल्याण ते सीएसएमटी पन्नासेक किलोमीटर. नागपूरहून एवढं गेलो तर भंडारा जवळ येतो, मधे धानाची शेतं लागतात, गाई आडव्या येतात. इथे दिव्यांमागून दिवे. ठाण्याच्या खाडीवर एकदम खारट, कुजकट वास आला. सगळ्यांनी नाकं मुरडली, मी मात्र खिडकीला नाक लावून बसलो. हाच तो वास!

आतेभाऊ न्यायला आला होता. पंचवीस वर्षं डोंबिवलीत आहे, नोकरी वरळीला. त्याला म्हटलं, सामान राहू दे, आधी समुद्र दाखव. तो हसला. "मलाच वर्ष झालं असेल बे बघून." ऑफिसला जाता जाता त्यानं मला वरळी कोळीवाड्याशी सोडलं. मी बोळांतून, वाळत घातलेल्या जाळ्यांखालून वाकून, मांजरांना ओलांडत पुढे गेलो. आणि पुढे काय, तर चिखल आणि खडक! होड्या कुशीवर आडव्या पडलेल्या, म्हशी डोबीत बसाव्या तशा. पाणी लांब, पार लांब. वर मात्र वांद्रे-वरळी सागरी सेतू झोकात उभा. ५.६ किलोमीटरचा तो पूल, आणि खाली सागर रजेवर.

माझा चेहरा बघून जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "काय शोधता?" म्हटलं, समुद्र. ते गालात हसले. "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?"

राजेहो, काय सांगू! माझ्या आजोबांनी मला पाऊणकी घोकून घेतली होती. संध्याकाळी ओसरीवर, दिवेलागणीला, चुकलो की कान पिरगाळून. जन्मात या पाढ्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चार पाऊण तीन." काकांनी शेजारच्या बांधावर थाप मारली. "मग तीनला या. पाणी इथवर असेल."

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ! अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच रेंगाळते, आणि दर्यावर्दी माणसांनी त्याचा पाऊण तास करून टाकला. घड्याळ नको, तक्ता नको. आमच्याकडे चतुर्थी म्हणजे फार तर उपास आणि साबुदाणा.

मी कुठेही गेलो नाही. वडापाव खाल्ले दोन, आणि तिथेच बसलो. अकराच्या सुमारास खडकांमधल्या फटींत पाणी लुकलुकायला लागलं. लाट वगैरे काही नाही, नुसतं झिरपत आलं. मग चिखलावरच्या खेकड्यांची भोकं बुडाली. मग एक आडवी होडी किंचित हलली, झोपेत कूस बदलावी तशी, थबकली, पुन्हा हलली आणि हळूच सरळ झाली! तिच्यामागून दुसरी. दोनच्या पुढे सगळ्या होड्या उभ्या, दोऱ्यांना हिसके देत. तीनला पाच कमी असताना बांधावर, जिथे काकांनी थाप मारली होती तिथून वीतभर खाली, पाणी डुचमळत होतं. काकांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मग मला नादच लागला. पुढचे चार दिवस मी मुंबईत समुद्र हुंगत फिरलो, आणि तो नाही तिथेही सापडला! शाळेत सात बेटं पाठ केली होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण ती पायाखाली असतील हे कुठे ठाऊक होतं? पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात १६६१च्या करारानं मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, आणि १६६८मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली. मग लोक शे-दीडशे वर्षं समुद्र बुजवत बसले. मुंबई आणि वरळी या बेटांमधलं खिंडार भरणारा हॉर्नबी वेलार्ड १७८४च्या सुमारास पुरा झाला. बांध सारखा ढासळायचा, मग रामजी शिवजी प्रभू या स्थापत्यकाराला देवीनं दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. मला ती पटली. त्या चिखलावर बांध घालायचा तर देवीलाच मधे पडावं लागणार.

आणि पायधुणी! मी तिथे उभा होतो, हातगाड्या, टेम्पो, "ए बाजू, बाजू" चाललेलं, आणि एकदम नाव ऐकू आलं. पाय-धुणी. बेटांमधलं खाडीचं पाणी ओलांडून आलेली माणसं इथे पाय धुवायची म्हणतात. जवळच उमरखाडी, पुढे चिंचबंदर. पाणी गेलं, नावं ओलीच राहिली. मी टपरीवाल्याला उत्साहानं हे सांगितलं. तो म्हणाला, "कटिंग की फुल?"

पहाटे ससून डॉकला गेलो. १८७५चा धक्का. पाट्या, बर्फ, आरडाओरडा, रांगेत बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. बोटं इतकी झरझर चालत होती की मला फक्त सालांचा ढीग वाढताना दिसला. मी वाटेत उभा होतो हे सांगायला नकोच. एका मावशींनी मला पाटीनंच बाजूला सारलं.

बाकी आकडे कुठेही मिळतील. तरी एक सांगतो: २०११च्या जनगणनेत नागपूर २४ लाख, मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे पाच नागपुरं, आणि ही झाली नुसती मुंबई. ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, पनवेल धरून प्रदेशात महापालिकाच नऊ! चहूकडे पाणी आणि प्यायचं पाणी मात्र भातसा, वैतरणा, तानसाहून येतं. अटल सेतूवरून आतेभावानं रविवारी नेलं. जवळजवळ २२ किलोमीटर, त्यातले साडेसोळा पाण्यावरून. मी बोलायचं थांबलो होतो, त्यामुळे त्याला काळजी वाटली.

परत आलो. बायकोनं विचारलं, काय आणलं? सुके बोंबील, म्हटलं. ते गच्चीतच राहतील, ती म्हणाली. संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरायला निघालो होतो, निघता निघता भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नजर गेली. नवमी. नऊ पाऊण पावणेसात. घड्याळात साडेसहा झाले होते. वरळीच्या होड्या एव्हाना उभ्या राहिल्या असतील.