पाइपाला व्याज कळतं

सांगली,
धुळवड

चि. सोनू,


परवा फोनवर तू एका दमात तीन विषयांचा उद्धार केलास. मॅथ्स-टूमधली इंटिग्रेशन्स पुढे कोण विचारतं, फिजिक्स बारावीत झालेलं असताना पुन्हा कशाला, आणि इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स हे कॉमर्सवाल्यांचं लचांड आमच्या गळ्यात का. मी नुसतं ‘हं हं’ केलं, कारण याचं उत्तर आकडेमोडीशिवाय देता येत नाही आणि आकडेमोड फोनवर होत नाही. कॅल्क्युलेटर घेऊन बस.

तुझी तक्रार निम्मी खरी आहे. हे तीन विषय तुम्हाला तीन खोल्यांत तीन माणसं शिकवतात आणि कुणी दुसऱ्याचं नावही काढत नाही. मॅक्झिमा-मिनिमाच्या गणितात कायम तोच पत्र्याचा डबा, कमीत कमी पत्र्यात जास्तीत जास्त घनफळ. तो डबा कोण विकत घेणार आणि पत्रा काय भावाने आला, हे विचारायचं नाही. इकॉनॉमिक्सच्या तासाला मागणीचा नियम, पुरवठ्याचा नियम, व्याख्या लिहा, चार मार्क. आमच्या वेळीही असंच होतं. नोकरीत पाणी उचलण्याच्या योजना समोर आल्या तेव्हा हे तिन्ही विषय एकाच कागदावर आले. तोच कागद तुझ्यापुढे मांडते.

आपल्या कृष्णाकाठचंच उदाहरण घे. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून दोन किलोमीटर लांब वरच्या रानात पाणी न्यायचंय. डिस्चार्ज सेकंदाला ५० लिटर. उंची काय असेल ती असो, ती बदलता येत नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, रायझिंग मेनचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपाचा व्यास. लोखंडी पाइप २००, २५० आणि ३०० मिलिमीटरमध्ये मिळतात. कुठला घालशील?

आधी फिजिक्स. घर्षणात जाणारा हेड (म्हणजे मीटरमध्ये मोजलेला दाब) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे डार्सीचं सूत्र तुला येईलच. (दिजाँ शहराला पाणी आणणारा फ्रेंच इंजिनिअर. पाइपांवरचे त्याचे प्रयोग १८५७ साली छापून आले.) पण डिस्चार्ज ठरलेला असेल तर वेग स्वतःच व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेगाचा वर्ग केलास की व्यासाचा चौथा घात आला, आणि सूत्रातला आधीचा एक मिळून पाचवा. व्यास निम्मा केला तर घर्षण दुप्पट नाही, ३२ पट होतं. माणसाच्या अंदाजाला पाचवा घात झेपत नाही, म्हणून सूत्र लागतं. घर्षणाचा गुणांक ०.०२ धरलास तर २०० च्या पाइपात २५.८ मीटर हेड फुकट जातो, २५० मध्ये ८.५, ३०० मध्ये ३.४.

आता याचे पैसे करू. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धर, मोटर वर्षाला २,००० तास चालते, वीज पाच रुपये युनिट. हे भाव हिशेब सोपा जावा म्हणून धरलेत, खरे तू शोध. नुसत्या घर्षणापायी वर्षाला २०० च्या पाइपात एक लाख ९५ हजार रुपयांची वीज जाते, २५० मध्ये ६४ हजारांची, ३०० मध्ये २६ हजारांची. पाइपाचा भाव अनुक्रमे मीटरला १,०००, १,५०० आणि २,१०० रुपये धरला तर दोन किलोमीटरचे २० लाख, ३० लाख, ४२ लाख.

इथे फिजिक्स आणि गणित दोघंही हात टेकतात. २० लाख एकदाच द्यायचेत आणि एक लाख ९५ हजार दरवर्षी. यांची बेरीज करायची कशी? ते काम तू ज्याला लचांड म्हणालीस त्याचं. इंटरेस्ट टेबलात कॅपिटल रिकव्हरी फॅक्टरचा रकाना असतो. दहा टक्के व्याज आणि २० वर्षं आयुष्य धरलंस तर तिथे ०.११७५ मिळेल. म्हणजे आज खर्चलेला प्रत्येक लाख रुपया पुढची २० वर्षं दरसाल ११,७५० रुपयांच्या हप्त्यासारखा आहे. पाइपांचे हप्ते झाले २.३५ लाख, ३.५२ लाख, ४.९३ लाख. त्यांत वीज मिळव. २०० चा वर्षाचा खर्च ४.३० लाख, २५० चा ४.१६, ३०० चा ५.१९. मधला जिंकला, पण थोडक्यात.

तू म्हणशील, तीन बेरजा करून उत्तर आलं, मग डेरिव्हेटिव्ह कशाला? थांब. पाइपाची किंमत व्यासाच्या साधारण १.८ व्या घाताने वाढते (माझ्या भावांवरून लॉग घेऊन बघ) आणि घर्षणाची वीज पाचव्या घाताने घटते. एकूण खर्च व्यासाच्या संदर्भात डिफरन्शिएट करून शून्याशी मांडलास की सगळं गळून एकच ओळ उरते: पाइपाच्या हप्त्याची १.८ पट बरोबर घर्षणाच्या विजेची पाचपट. म्हणजे घर्षणाची वीज हप्त्याच्या ३६ टक्के असेल तो व्यास सगळ्यांत स्वस्त. कुठलंही गाव, कुठलाही पाइप, बिलं समोर ठेव आणि गुणोत्तर बघ. ३६ पेक्षा बरंच जास्त आलं तर पाइप बारीक पडलाय. आमच्या काळी जुन्या योजनेची फाइल उघडली की मी हे मनातल्या मनात करत असे.

हा विचार माझा नाही. १८८१ साली यॉर्कमधल्या एका सभेत विल्यम थॉमसनने, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, त्याने तांब्याच्या तारेबद्दल हेच सांगितलं. नायगाऱ्याची वीज दूर कशी न्यावी हा प्रश्न तेव्हा त्याच्या डोक्यात होता. तारेत अडकलेल्या पैशाचा वर्षाचा बोजा आणि तार तापून वाया जाणाऱ्या विजेची वर्षाची किंमत सारखी झाली, की तारेची जाडी बरोबर. तारेत दोन्ही घात एक-एक, म्हणून निम्मंनिम्म, आपल्याकडे १.८ आणि ५. ज्याच्या नावाने तुम्ही तापमान मोजता, तो माणूस तांब्याचा भाव आणि व्याजाचा दर घेऊन बसला होता, हे फिजिक्सच्या तासाला कुणी सांगत नाही.

ती ओळ सोडवलीस तर आपल्या योजनेला व्यास येतो सुमारे २२६ मिलिमीटर. असला लोखंडी पाइप बाजारात नाही. मुलं इथे हिरमुसतात, पण खरी गंमत इथेच आहे. २२६ ला वर्षाचा खर्च ३.९९ लाख येतो, आणि २५० ला आपण काढला ४.१६. व्यास दहा टक्क्यांनी चुकला तरी खर्च साडेचार टक्केसुद्धा वाढला नाही. कारण किमान बिंदूपाशी उतारच शून्य असतो, वक्र तिथे परातीच्या तळासारखा सपाट असतो. टेलर सिरीजमध्ये पहिलं पद नाहीसं होऊन दुसऱ्यापासून सुरुवात होते, ती हीच गोष्ट; तू ती मार्कांसाठी लिहितेस. कुठे मिलिमीटरसाठी भांडायचं आणि कुठे भांडत बसायचं नाही, हे मला कॅल्क्युलसने शिकवलं. साइटवर याचा फार उपयोग होतो, कारण भांडायला माणसं भरपूर असतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी शाई खर्च करतेय. वरच्या सगळ्या हिशेबात फक्त व्याजाचा दर बदल. दहाच्या जागी सोळा टक्के कर. नदी तीच, पंप तोच, डार्सी तोच. फॅक्टर होतो ०.१६८७. २०० चा वर्षाचा खर्च ५.३२ लाख आणि २५० चा ५.७० लाख. बारीक पाइप जिंकला!

म्हणजे व्यास ठरवताना फक्त पाणी आणि घर्षण बोलत नाहीत. कर्ज कुणाकडून काढलं तेही बोलतं. पाण्याला व्याज कळत नाही, पाइपाला कळतं. ज्या संस्थेला दहा टक्क्यांनी पैसा मिळतो ती जाड पाइप घालते आणि पुढे वीस वर्षं वीज वाचवते. ज्या चार-पाच शेतकऱ्यांना पतसंस्थेकडून सोळाने उचलावे लागतात त्यांना बारीक पाइपच परवडतो, आणि मग तिप्पट घर्षणाचं वीजबिल. त्यांचा हिशेब चुकलेला नसतो. लोक त्यांना अडाणी म्हणतात, मला राग येतो. त्यांच्या दराने त्यांनी काढलेलं उत्तर अचूक असतं. तुझी पिढी अशा योजनांवर काम करेल तेव्हा डिझाइन सुधारायचा सगळ्यात जोरकस उपाय कदाचित पंपात नसेल, कर्जाच्या दरात असेल. हे फिजिक्सच्या पुस्तकात सापडणार नाही, आणि नुसत्या इकॉनॉमिक्सवाल्याला पाचवा घात माहीत नसतो.

तुझी इंटिग्रेशन्स राहिलीच. हप्ते वर्षाऐवजी क्षणाक्षणाला भरले असं समजलीस तर त्या फॅक्टरच्या छेदात e च्या ऋण घाताचं इंटिग्रल येतं. पहिल्या सेमला तू कपॅसिटर चार्ज करून जो आलेख काढलास, तो आणि हा एकच आलेख आहे. उभ्या अक्षावर व्होल्टच्या जागी रुपये लिही. मुळात e हा आकडाच व्याजाच्या प्रश्नातून आला. याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये विचारलं, की शंभर टक्क्यांचं व्याज वर्षातून एकदा न देता अधिकाधिक वेळा विभागून दिलं तर रुपयाचं किती होईल? वर्षातून एकदा दिलं तर दोन रुपये, महिन्याला दिलं तर २.६१, रोज दिलं तर २.७१. त्याच्या पुढे फारसं जात नाही. तेव्हा गणितात कॉमर्स शिरलं म्हणून रडू नकोस, ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच शिरलंय.

एक मात्र सांगून ठेवते, कारण इकॉनॉमिक्सच्या पुस्तकावर माझा पूर्ण भरवसा नाही. दहा टक्क्यांनी ५० वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत काढ. ८५ पैसे येते. आता आपल्याच जिल्ह्यात मिरज-वाळव्याकडे, पलीकडे शिरोळला जाऊन बघ. उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजून, निचरा न करता, चांगली काळी रानं क्षारपड झाली. वर पांढरं मीठ फुटलेलं, त्यात गवतही धड येत नाही. हे नुकसान योजना सुरू झाल्यावर दोन-तीन दशकांनी दिसू लागतं. ते पहिल्या दिवशी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुणी घातलं असतं तरी प्रेझेंट वर्थमध्ये ते चिल्लर दिसलं असतं, आणि निचऱ्याच्या चराचा खर्च, तो मात्र पहिल्याच वर्षी असल्यामुळे, डोळ्यांत भरला असता. सूत्र बरोबर आहे. पण नातवाचं रान ८५ पैशांना विकायचं का, हे त्या सूत्राला विचारू नकोस, ते तुम्ही माणसांनी ठरवायचं. मी असले रिपोर्ट वाचताना डिस्काउंट रेटचं पान आधी उघडत असे, तूही उघड.

तुझे बाबा म्हणाले इंटर्नल पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा लांबवत नाही. चिवडा आणि पुरणपोळ्या तुझ्या मैत्रिणीच्या भावाबरोबर पाठवल्यात, पोळ्या पहिल्यांदा संपव.

आणि एक गणित देऊन ठेवते. सोळा टक्केवाल्या शेतकऱ्यांचंच उदाहरण घे, फक्त वीज पुढची वीस वर्षं दरसाल पाच टक्क्यांनी महागत जाणार असं धर. पहिल्या वर्षाचं बिल वर काढलं तेवढंच. आता २०० घालायला सांगशील की २५०? उत्तर माझ्या वहीत आहे, पण मी सांगणार नाही. दोन्हींत फरक फार थोडा येतो, तेव्हा आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत धर आणि रविवारी फोन कर.

तुझी,
आत्या