लिंबाखालची गाडी

दिवेलागणीनंतर आमच्या वालूरच्या गल्लीतून कोणी गेले, तर लिंबाखाली उभ्या असलेल्या मोटारीत एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ आतला दिवा लावून एकटाच बोलत बसलेला दिसतो. तो मीच. नव्या माणसाला वाटते, घरात काही तरी बिनसले असावे. शेजारच्या एका आजोबांनी तर आमच्या मंडळींना बाजूला घेऊन विचारलेही, "सूनबाई, साहेब घरात का येत न्हाईत?"

बिनसलेले काही नाही. आई गेली काही वर्षे अंथरुणाला खिळून आहे आणि तिची झोप फार सावध. शेतकऱ्याला दिवसा फोन करायला सवड नसते. तो रात्री जेवणखाण आटोपून विचारतो, की साहेब, हरभऱ्याला मर लागलीय, काय करू? त्यातच कार्यालयाच्या बैठका आता फोनवर होतात, आणि त्यांना वेळकाळ नसतो. माझा आवाज मुळातच शेताच्या बांधावरचा. तेव्हा आईची झोप मोडू नये म्हणून मी गाडीत जाऊन बसू लागलो. काचा वर केल्या की बोलणे बाहेर जात नाही.

अडचण एवढीच, की गाडीत घरचे वायफाय पोहोचत नव्हते. दारापासून गाडी जेमतेम पंचवीस पावलांवर, पण तेवढ्यात समोरचा साहेब थिजून जाई आणि पडद्यावर नुसते चाक फिरत राही.

आमचे घर जुने, माळवदाचे. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. आजोबांनी बांधले तेव्हा वायफायचा विचार करण्याचे कारण नव्हते. इंटरनेटची तार मागच्या बोळातून आली, म्हणून जोडणी करणाऱ्या पोरांनी राउटरचा डबा अगदी आतल्या खोलीत, कणगीच्या वर ठोकला. मीही हो म्हटले. तीस वर्षे लोकांना सांगत आलो, की पाण्याचा उगम कुठे आणि पिकाची शेवटची ओळ कुठे ते आधी मोजा, मग पाइप घ्या. स्वतःच्या घरात मात्र मोजले नाही.

कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचे दुःख तुम्हाला सांगायला नको. वर पाणी भरपूर असते, पण वाटेतली चारीच ते पिऊन टाकते. वायफायचेही तसेच आहे. डब्यातून निघणाऱ्या लहरी प्रत्येक भिंतीत थोड्या थोड्या मुरतात. माती ओली असेल तर जास्तच, कारण पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात आमची रेंज आणखी घटते, ही काही मनाची समजूत नव्हे. हल्लीच्या बहुतेक डब्यांतून दोन जातींच्या लहरी निघतात. एक पाच गिगाहर्ट्झची, ती वेगवान पण नाजूक, एका जाड भिंतीतच दमते. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची, चालीने मंद पण दूर जाणारी. अंगणात, गोठ्यात, गाडीत हीच उपयोगी. त्यात मोटार म्हणजे लोखंडी पेटी. पत्र्यातून लहर आत शिरत नाही. जे काही येते ते काचांतून. तेव्हा लहर वरून आणि काचेच्या बाजूने यायला हवी.

हे सारे ज्ञान मला आधी नव्हते. आधी मी केले ते असे, की तालुक्याहून रेंज वाढवणारा एक छोटा डबा आणला आणि थेट गाडीतच बसवला. बिडी ओढण्याच्या जागेतून वीज घेतली. पण जिथे रेंज पोहोचतच नाही तिथे ती वाढवणार काय? कोरड्या विहिरीवर मोटार बसवण्यातला प्रकार. हा डबा उगम आणि शेपूट यांच्या मध्ये, जिथे रेंज अजून चांगली आहे अशा जागी लावायचा असतो. बरे, लावला तो लावला, रात्री काढायला विसरलो. सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली आणि तालुक्याला दहाची बैठक. गल्लीतल्या चार पोरांनी धक्का मारला. तेव्हापासून तो डबा कपाटात गेला आणि मीही कंटाळा केला. बैठकीपुरते दाराच्या चौकटीत उभे राहिले की भागत होते. या कंटाळ्याबद्दलच मला लिहायचे आहे.

२०२४ सालच्या सप्टेंबरचे पहिले दोन दिवस परभणी जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. दोन तारखेला पोळा होता. बैलांना सजवायचे त्या दिवशी सोयाबीन पाण्याखाली गेले, ओढ्याकाठच्या जमिनी खरडल्या. विम्याचा त्या वर्षीचा नियम असा, की नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत त्याची सूचना द्यावी. (पुढच्याच वर्षी राज्यात योजनेचे स्वरूप बदलले. आजचा नियम आपल्या गावच्या कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावा.) टोल-फ्री क्रमांक सारखा गुंतलेला. राहिले मोबाइलवरचे ॲप. पण गावात मोबाइलवर बोलणे होत होते, संदेश येत होते, नेट मात्र ठप्प. आमच्या घरची तार तेवढी शाबूत होती आणि इन्व्हर्टरवर डबा चालू होता.

तीन तारखेच्या रात्री दारात माणसे जमू लागली. प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापल्या बुडालेल्या शेताचे फोटो. "साहेब, तुमच्या घरचं नेट चालू हाय म्हनं." चालू होते, पण आतल्या खोलीत, आईच्या उशाशी. आणि गंमत पाहा, गंमत कसली, दुर्दैवच, त्या खोलीत मोबाइलची रेंज नाही. म्हणजे फॉर्म भरायचा आत आणि त्यासाठी लागणारा ओटीपीचा आकडा येणार बाहेर, लिंबाखाली. मी एकेकाचा फोन घेऊन आत जाई, पुन्हा बाहेर येई, आकडा आला की धावत आत. तोवर त्याची मुदत संपलेली. चिखलाच्या पायांनी माणसे उंबऱ्यावर थांबत. या म्हटले तरी आजारी म्हातारीच्या खोलीत शिरायला संकोचत. बाया तर भिंतीला टेकून उभ्याच. पाऊस भुरभुरत होता. लिंबाखाली गाडी उभी होती, कोरडी, दिव्याची, मोबाइलची रेंज असलेली. तिथे वायफाय असते तर एकेकाला आत बसवून पाच-दहा मिनिटांत मोकळे केले असते.

दोन रात्रींत पंधरा-सोळा जणांचे काम झाले. चार तारखेला रात्री अकरा वाजता शेवटी एक काकू राहिल्या. मालक वारलेले, ओढ्याकाठी दोन एकर सोयाबीन, त्यातले अर्धे वाहून गेलेले. त्यांचा नोंदलेला मोबाइल नंबर मुलाच्या नावचा आणि मुलगा पुण्याला कारखान्यात रात्रपाळीवर. त्याला फोन लावायचा बाहेर, आकडा विचारायचा, तो आत टाकायचा. तीन वेळा केले, तीनही वेळा हुकले. मी घामाघूम झालो. आई आतून कण्हत होती. काकूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, सकाळी बघू. तुमचाबी जीव हाय." मला ते ऐकून सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.

पहाटे इन्व्हर्टरची बॅटरी संपली. गावात वीज आली तेव्हा दुपार टळून गेली होती. बहात्तर तास उलटले होते.

सरकारी पंचनाम्याची मदत काकूंना पुढे मिळाली. विम्याची सूचना मात्र नोंदलीच गेली नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. बाजारात भेटल्या की पूर्वीसारखेच "आईची तब्येत कशी हाय?" विचारत, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

त्याच महिन्यात मी काम हाती घेतले. आतल्या राउटरपासून बाहेर वापरायची जाड काळ्या वेष्टनाची तार खिडकीच्या चौकटीतून काढून माळवदाच्या कठड्यावर नेली. असली तार शंभर मीटरपर्यंत चालते, माझी तिसाच्या आतली. कठड्यावर उन्हापावसात टिकणारा, बाहेर लावायचा वायफायचा डबा बसवला, तोंड खाली, लिंबाकडे. त्याला वीज त्याच तारेतून जाते, वेगळी वायर ओढावी लागत नाही. सगळे मिळून सहा हजारांच्या आत भागले. म्हणजे एका फवारणी पंपाचे पैसे. फोनमध्ये रेंजचा आकडा दाखवणारे ॲप असते. तो आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. गाडीत आधी उणे ८५ दिसत होते, आता उणे ६०च्या आसपास असते, पाच गल्ली ओले झाले तरी. आतल्या राउटरला एक छोटी स्वतंत्र बॅटरीही जोडली, काही तास चालते, घरच्या इन्व्हर्टरवर विसंबून नाही. वळवाच्या पावसात कडकडू लागले की छतावरच्या तारेची पिन मात्र मी हाताने काढून ठेवतो. विजेशी पैज लावू नये.

पासवर्डचा प्रश्न घरात बराच गाजला. मुलाचे म्हणणे, जोडणी आपल्या नावावर, उद्या कोणी काही भलतेच केले तर विचारणा आपल्याकडे. त्याचे चूक नाही. डब्यात पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवायची सोय असते, ती आम्ही वापरली. त्यावरून नेट मिळते, पण घरातल्या फोन-संगणकात डोकावता येत नाही. हा पासवर्ड मी दर महिन्याला बदलतो आणि मागेल त्याला तोंडी सांगतो, भिंतीवर लिहीत नाही. एकदा आमच्या गावची गोल पायऱ्यांची बारव पाहायला आलेली शहरातली मंडळी लिंबाच्या सावलीत टेकली आणि तासभर फोटो पाठवत बसली. पाठवू द्या, बारवेचेच फोटो ते.

आता गाडीतली माझी बैठक बऱ्याचदा मोडते. ई-पीक पाहणीचा हंगाम आला की मागच्या सीटवर दोघे, पुढे एक, आणि मी बाहेर खुर्ची टाकून. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचा सातबारा. दिवसा मी गाडी घेऊन फिरतीवर गेलो तरी लिंबाखाली कोणी ना कोणी फोन धरून उभे असते.

पुण्याच्या मुलाला गेल्या वर्षी लेकरू झाले. काकू रविवारी संध्याकाळी येतात, गाडीच्या पुढच्या सीटवर बसतात, एक पाय आत, एक पाय बाहेर, दार उघडेच ठेवून. नातीला पडद्यावर पाहतात, तिच्याशी मोठमोठ्याने बोलतात. मी काच वर करा म्हणून सांगत नाही. आतून आई विचारते, "कोन हाय गं?" तर आमच्या मंडळी सांगतात, "काकू हायेत, नातीशी बोलायलेत." मग आई पुन्हा डोळे मिटते.