कोनाड्यातली ताटली

यंदा हळद शिजवायला रात्रभर शेतात होतो. धाकटी लेक नांदेडहून सुट्टीला आलेली. जाळापाशी बसून तिनं मला एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगितली. हार्पर ली या बाईंची, 1960 सालची, 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. अमेरिकेतल्या अलाबामातली स्काउट नावाची पोर. तिचा वकील बाप, टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाची बाजू कोर्टात मांडतो. आळ खोटा, हे उघड दिसतं. तरी गोरे पंच टॉमला दोषी ठरवतात.

"तिथं तिचं अन् तिच्या भावाचं लहानपण सरतं, बाबा," लेक म्हणाली.

"अन् त्या टॉमच्या लेकरांचं?" मी विचारलं.

ती जरा थांबली. "त्याचं पुस्तकात फार काही न्हाई."

मला आमच्या गोठ्यातला कोनाडा आठवला.

जवळा बाजार तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. ज्याला तेव्हा महारवाडा म्हणत, तिथला माझा एक सोबती होता. आम्ही गुरं संगं चारली, कालव्यात संगं पोहलो, धुऱ्यावर बसून एकमेकाची भाकर खाल्ली. घरी आला की मात्र माय त्याला कोनाड्यातल्या जर्मनच्या ताटलीत वाढायची. पाणी वरून, ओंजळीत. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बैल दावणीला, तशी ताटली कोनाड्यात.

एकदा ज्वारीच्या काढणीत दोघं दमून आलो. कुणी सांगायच्या आधीच त्यानं ताटली काढली. जेवला. राखेनं घासली, धुतली, पालथी घालून जागेवर ठेवली. मी म्हटलं, "राहू दे की, माय धुईल."

तो नुसता हसला. "तुला कळत न्हाई गड्या."

दहा-अकरा वर्षांचे असू आम्ही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जळाली. त्याच दिवसांत एका संध्याकाळी सोबत्याचं घर बोचकी घेऊन मुंबईच्या वाटेला लागलं. ते आमच्या दारावरून गेले. मी ओट्यावर बसलो होतो. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी उठलो नाही. अठरा वर्षांचा होतो, कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. तो काही परत आला नाही.

दया पवारांचं 'बलुतं' त्याच 1978 सालचं. माझ्या हाती पडलं फार उशिरा. त्यात दगडू मारुती पवार हा पोरगा आपली हकीकत सांगतो. वाचताना पानापानावर मला माझा सोबती दिसला. आपलं लहानपण किती निर्मळ होतं, असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. ते निर्मळपण माझ्या एकट्याचं होतं. मला काही कळायच्या कितीतरी आधी त्याला सगळं कळलेलं होतं, अन् ते पोटात ठेवून तो माझ्यासंगं हसत होता.

हे सगळं लेकीला सांगितलं. जाळ मंदावला होता. ती म्हणाली, "तुमी उठला का न्हाई, बाबा?"

मी जाळात दोन लाकडं सारली. उत्तर माझ्यापाशी नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवलं.