चातुर्मासात धबधब्याला जायचं का?



पावसाळी धबधब्याची मोठी अडचण अशी की तो वाहतो नेमका आपल्या चातुर्मासात. आषाढात चतुर्दशीच्या आधी जावं तर डोंगर पुरता भिजलेला नसतो, आणि कार्तिकानंतर जावं तर कड्यावर नुसता ओघळाचा डाग उरलेला असतो. म्हणजे बघायचा तर त्याच चार महिन्यांत, ज्यात जाणं-येणं कमी करायला आपल्याला सांगितलेलं आहे.

यंदा आमच्या घरात हा प्रश्न आला तो वेरूळवरून. तिथे २९ नंबरच्या लेण्याजवळ एळगंगा कड्यावरून खाली कुंडात पडते. 'सीतेची न्हाणी' म्हणतात त्या जागेला. धबधबा काही फार मोठा नाही, पण चांगला पाऊस झाला की सुरेख दिसतो. अकरावीतल्या लेकीला तो बघायचा होता. मैत्रिणींबरोबर नव्हे, आमच्याबरोबर. या वयात मूल आपणहून असं म्हणतं तेव्हा लगेच 'नाही' म्हणवत नाही. सगळ्याला नाहीच म्हणत गेलो, तर मुलींना धर्म म्हणजे फक्त मनाईची यादी वाटायला लागते.

सासूबाईंचा चातुर्मासात जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याचा नियम असतो. वेरूळ संभाजीनगरपासून ३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हद्दीतच. लेकीनं लगेच शक्कल लढवली, "आजी, तिथे आपली जैन लेणीपण आहेत. दर्शन होईल!" आई हसल्या. म्हणाल्या, "देवाला निमित्त करू नकोस बाळा. धबधबा बघायचाय तर धबधबा बघायला जातो असंच म्हण. फक्त एवढं सांग, पावसाळ्यात सगळी जमीन जिवंत असते, तर पाय कुठे ठेवणार?"

मग आम्ही सगळा बेत या एका प्रश्नाभोवती आखला.

पहिलं म्हणजे वाट. गवतातून, झुडपांतून जाणाऱ्या आडवाटा बाद. लेण्यांची रांग सुमारे २ किलोमीटर पसरलेली आहे. कैलास लेण्यापासून रुळलेल्या वाटेनं चालत २९ नंबरपर्यंत आणि तिथून रस्त्यानंच ३० ते ३४ नंबरच्या जैन लेण्यांकडे जायचं. एखादी वाट पावसामुळे बंद असेल तर रखवालदाराशी हुज्जत न घालता मागे फिरायचं. चालताना समोरची चार हात जमीन बघत चालायचं, कारण गोगलगाई आणि पैसा किडे याच दिवसांत वाटेवर येतात. मोबाइल बघत चालणं अर्थातच बंद.

दुसरं, शेवाळ. वेरूळचा दगड काळा बेसाल्ट, पावसात त्यावर शेवाळ धरतं. शेवाळ अनंतकाय, म्हणून आपण त्यावर पाय देत नाही. डोंगर चढणारी माणसंही त्यावर पाय देत नाहीत, कारण पाय सटकतो. लेकीला हे फार पटलं. पाण्याखाली उभं राहून फोटो काढायचा तिचा विचार तिथेच मागे पडला. शिवाय वर डोंगरात पाऊस झाला, तर खाली ऊन असतानाही पाणी एकदम वाढू शकतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की लगेच लांब व्हायचं. म्हणून धबधबा लांबूनच बघायचा, कुंडात उतरायचं नाही.

तिसरं, दिवस. हे गणित सगळ्यात अवघड गेलं! मंगळवारी लेणी बंद. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला प्रचंड गर्दी. शनिवार-रविवारी सहलींची झुंबड. अष्टमी-चतुर्दशीला आईंचा उपवास. दशलक्षण पर्व लागलं की घराबाहेर पडायचा प्रश्नच नाही. सगळं वजा करता श्रावणातला एक गुरुवार हाती लागला, तोही लेकीच्या कॉलेजला सुट्टी असलेला.

चौथं, डबा. पावसाळ्यात पिठाची मर्यादा ३ दिवसांची, म्हणून आदल्या दिवशी थोडंच दळायचं. पहाटे तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुळाच्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी. पालेभाजी नाही, कांदा-बटाटा तर नाहीच. पाणी घरून उकळून न्यायचं. उकळलेलं पाणी २४ तास चालतं, त्यामुळे दिवस आरामात निघतो. वाटेत पाणी भरून गाळायचं म्हटलं तर जिवाणी परत त्याच पाण्यात सोडावी लागते, आणि घसरड्या काठावर ते कसं जमणार? माकडं असतात, म्हणून डबा गाडीजवळच उघडायचा. उरलंसुरलं आणि कचरा पिशवीत घालून घरी आणायचा.

पाचवं, वेळ. श्रावणात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सकाळी सातला निघायचं आणि चारला परतीला लागायचं, म्हणजे घरी येऊन स्वयंपाक करून दिवस असतानाच जेवणं होतात. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर बेत रद्द, आणि त्यावर रुसायचं नाही. हे लेकीकडून कबूल करून घेतलंय.

कागदावर सगळं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आपले नियम आणि पावसातल्या डोंगराचे नियम जवळजवळ सारखेच आहेत. बघून चाल, पाण्यात शिरू नकोस, गरजेपुरतंच ने, उजेड असताना घरी ये.

आईंनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "मीपण येते." गुडघ्यांमुळे धबधब्यापर्यंत चालणं त्यांना जमणार नाही. तिथे आत फिरायला बसची सोय असते, तिनं त्या थेट जैन लेण्यांकडे जातील आणि आम्ही येईपर्यंत इंद्रसभेत, म्हणजे ३२ नंबरच्या लेण्यात, बसतील. तिथे बाहुबलींची मूर्ती आहे. ते इतके निश्चल उभे राहिले की पायांवर वेली चढल्या, ते दगडात कोरलेलं आहे.

"तुम्ही वाहणारं पाणी बघा," आई लेकीला म्हणाल्या, "मी थांबलेला माणूस बघते. मग एकमेकींना सांगू."

आता वाट आहे ती फक्त गुरुवारची आणि बेताच्या पावसाची. तुमच्याकडे चातुर्मासात मुलांच्या अशा हौशी कशा जमवता, नक्की कळवा.