चार चाकांचे बळ

मोटारगाडीला चार चाके असतात हे लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु ती चारही चाके गाडी ओढत नाहीत, हे पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांच्या ध्यानात नसते. बहुतेक गाड्यांत इंजिनाचे बळ दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन मुकाट्याने सोबत फिरतात. जीपची गोष्ट निराळी. तिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असतो. तो टाकला की चारही चाके कामाला लागतात. या दांड्याचे शास्त्र मी शिकलो ते ग्वाल्हेरच्या मामांकडून.

मामांचे घर लष्करात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळ तळ दिला, त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि नावही लष्करच राहिले. तेथे कित्येक मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. मामांचे आयुष्य जमीनमोजणीच्या कामात, चंबळेच्या बीहडांत गेले. बीहड म्हणजे पावसाने चिरत नेलेल्या मातीच्या घळींचे जाळे. ती माती कोरडी असली तर पिठासारखी, भिजली तर लोण्यासारखी. तेथे दोन चाकांच्या बळावरची गाडी जागीच रुतते. चारही चाके ओढू लागली म्हणजे तीच गाडी हळूहळू वर चढते.

एका भाद्रपदात मामांबरोबर मुरैन्याकडच्या बीहडात जाण्याचा योग आला. परतताना मामेभाऊ गाडी चालवीत होता. आग्रा-मुंबई रस्त्यावर आल्यावरही त्याने दांडा तसाच ठेवला आणि वेग सत्तरवर नेला. "चार चाकांनी गाडी रस्ता घट्ट धरते," असे त्याचे म्हणणे. मामा म्हणाले, "अरे, सडक पक्की आहे, कोरडी आहे. वेग कमी कर आणि दांडा काढ अगोदर." दांडा काही केल्या निघेना! मग मामांनी गाडी कडेला घेऊन चार हात मागे घ्यायला लावली, तेव्हा कोठे तो 'खट्' करून सुटला.

असे का व्हावे? वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. जीपच्या दोन आसांत सुमारे दोन मीटर अंतर असते. मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येवर वळला तर पुढच्याचा जवळजवळ ५.४ मीटरवर वळतो. पाव फेरीतच सुमारे साठ सेंटिमीटरचा फरक पडतो. डाव्या-उजव्या चाकांतला असा फरक डिफरन्शियल सांभाळते. परंतु जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये तशी सोय नसते. दांडा टाकताच दोघे एकमेकांशी जखडले जातात. चिखलात चाक जरासे घसरून हा हिशोब मिटवते. कोरडे डांबर घसरू देत नाही. मग सगळा पीळ दंतचक्रांवर आणि शाफ्टच्या सांध्यांवर येतो, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि दांडा अडकून बसतो.

कोणी म्हणेल, महामार्गावर अशी अवघड वळणे असतात कोठे? खरे आहे. पण तेथे दुसराच शत्रू असतो. पुढच्या टायरांचा घेर मागच्यांपेक्षा एक टक्का जरी कमी भरला, तरी एका किलोमीटरला दहा मीटरचा फरक साचतो, आणि ताशी ऐंशीच्या वेगात किलोमीटर पाऊण मिनिटात सरतो. रस्ता सरळ असला तरी पीळ चढतच जातो.

याहून मोठा धोका मनातला. चारही चाके ओढतात म्हणून गाडी लवकर थांबते, असे मुळीच नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. निसरड्यावर गाडी पुढे नेण्यास हे बळ उपयोगी पडते, थांबविण्यास नाही. आपल्या चोर्ला घाटात पावसाळ्यात उतरताना हे विशेष ध्यानात ठेवावे. रस्ताभर चिखल, खडी वा बर्फ असेल तर बेताच्या वेगाने चारही चाके चालवावीत. कोरडा रस्ता लागताच दांडा काढावा.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डावर याच अर्थाची सूचना धातूच्या पट्टीवर छापलेली असे. आजच्या थार आणि जिम्नी गाड्यांतही मूळ रचना तीच आहे. ज्या गाड्यांत दोन आसांमध्ये तिसरे डिफरन्शियल असते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही बंदी नाही.

मित्रहो, नवी दणकट गाडी हाती आली की सगळे बळ एकदम वापरून पाहण्याचा मोह कोणालाही होतो. पण ज्या जखडण्याने जीप बीहडातून सुटते, त्याच जखडण्याने ती पक्क्या सडकेवर आतल्या आत पिळवटते. मामांचा तो जादा दांडा झिजून गुळगुळीत झालेला आहे. तो जितक्या वेळा टाकला गेला, तितक्याच वेळा वेळेवर काढलाही गेला. म्हणून तर ती जीप अजून धडधाकट आहे.