अण्णांनी जपायला शिकवलं

वाइनबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते शेजारच्या अण्णांमुळे. नाशिकजवळच्या एका वायनरीत ते तळघर सांभाळायचे. २००० साली सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या घरांमध्येही बाटल्या दिसू लागल्या. पण एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत ती बाटली ठेवायची कुठे, हे सांगणारं फारसं कुणी नव्हतं. मला अण्णा होते.

"आधी घर ओळख, मग बाटली आण," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात थर्मामीटर दिला. सकाळ-दुपार प्रत्येक कोपऱ्यातला पारा पाहायला लावला. स्वयंपाकघरातला माळा आणि फ्रिजचा माथा या सगळ्यांत वाईट जागा निघाल्या. फ्रिजच्या माथ्यावर तर उष्णतेच्या जोडीला सततची थरथर. आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब असलेल्या लाकडी कपाटाच्या तळाशी पारा सर्वांत कमी हलत होता. "लोणच्याची बरणी आई कुठे ठेवायची? अंधारात, गारव्याला, हलवाहलव न करता. तसंच हे," अण्णा म्हणाले.

प्रत्येक गोष्टीमागचं कारण ते सांगत. तळघरात बारा-तेरा अंश राखता येतात, घरात नाही. म्हणून निदान तापमानाचे चढउतार टाळायचे. दुपारी वाइन प्रसरण पावते आणि बुचावर दाब येतो. रात्री ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. असं रोज घडलं की फळाचा ताजा वास हरवतो. बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवायची. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. पांढऱ्या काचेच्या बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळायचं, कारण उजेडानंही वाइन बिघडते.

फ्रिजची कोरडी थंडी बुचाला वर्षानुवर्षं मानवत नाही, पण वैशाखात फळीवर तापण्यापेक्षा दोन महिने फ्रिजमध्ये काढलेले बरे. उघडलेली बाटली, अगदी रेड वाइनचीसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवायची आणि तीन-चार दिवसांत संपवायची. "साठवण्याचा सोस करू नकोस," हे त्यांचं आवडतं वाक्य. आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट वाइन वर्ष-दोन वर्षांतच प्यायच्या असतात.

अण्णा स्वतः द्राक्ष बागायतदाराचा मुलगा. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, घड भरताना आलेला अवकाळी पाऊस, एका रात्रीत बाग झोडपणारी गारपीट हे सगळं त्यांनी वडिलांच्या चेहऱ्यावर वाचलं होतं. म्हणूनच कुणाच्या खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली दिसली की ते बेचैन होत. त्या बाटलीत कुणाचं तरी वर्ष आहे, असं ते अगदी मनापासून म्हणत.

निवृत्तीनंतर ते निफाडला मुलाकडे गेले. आता इमारतीतली तरुण मुलं मला विचारायला येतात, तेव्हा मीही आधी थर्मामीटर देतो. एखादी वाइन चांगली झाली, तर श्रेय बागेचं आणि वायनरीचं. पण माझ्या घरी, नाशिकच्या उन्हाळ्यात, ती चांगली राहिली याचं श्रेय अण्णांचं आहे.