कारखान्याने काय दिलं, काय नेलं

१९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि ज्वारी-बाजरीची गावं बघता बघता कारखान्यांची झाली. ज्यांची शेतं गेली, त्यांचा हिशोब वेगळा. मी आमच्या घराचा सांगतो.

१९७२च्या दुष्काळात अब्बा बीडकडून भोसरीला आले. गावात ते पिंजाऱ्याचं पोर. कापूस पिंजून द्यायचा, मिळेल ते धान्य घ्यायचं. भोसरीत ते प्रेस ऑपरेटर झाले. हजेरीच्या कार्डावर जात नव्हती, नंबर होता. ठरल्या तारखेला पगार होता. त्या पगारावर आपा कॉलेजात गेली, आमच्या खानदानातली पहिली मुलगी.

त्याच प्रेसखाली अब्बांची दोन बोटं गेली. गार्ड लावला की माल कमी निघतो, म्हणून मालकाने तो काढून ठेवला होता. १९४८चा फॅक्टरी अ‍ॅक्ट मशीनच्या धोकादायक भागाला संरक्षण हवंच, असं सांगत होता. तरी अब्बा परत गेले नाहीत. म्हणायचे, "गावात दहा बोटं होती, पण पोट रिकामं होतं."

म्हणून उद्योगांना नुसती शिवी देणारे मला पटत नाहीत आणि विकासाचे ढोल वाजवणारेही नाहीत. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो, तो कुठल्या ताळेबंदात येतो? आज चाकणला प्रेसवर उभी असलेली कितीतरी पोरं कंत्राटी आहेत. बोटं त्यांचीही जातात. अब्बांना मिळाला तसा कायमचा पगार मात्र त्यांना मिळत नाही. मशीनला गार्ड आणि माणसाला पक्की नोकरी, एवढ्यासाठी पन्नास वर्षं पुरेशी होती.